पाखऱ्याचं आवतन

दुसऱ्याच्या कुत्र्यापायी स्वतःच्या जन्माची काटकसर पाण्यात सोडणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच निपजला, आणि तो नेमका आमचा व्याही निघाला. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मुलीच्या बापाने व्याह्याची तक्रार करायची नसते, एवढी रीत जन्मभर मास्तरकी केलेल्या मलाही कळते. पण या माणसाने सगळी सरकारी नोकरी एका छत्रीवर काढली. यांची चप्पल हातात घेऊन शिवणाऱ्याने “साहेब, यात आता माझा दोराच उरला, चप्पल राहिली नाही” असं हात जोडून सांगितलं. लग्नात मी दिलेला मानपानाचा टॉवेल यांनी “घरी दोन हायेत” म्हणून परत केला. सोयरीक होऊन इतकी वर्षं झाली, पण यांच्या तोंडून “जेवायला या” हे दोन शब्द मी कधी ऐकले नाहीत. जेवणाच्या वेळी त्यांच्या घरी सापडलो तर ताट वाढून हाताला धरून बसवतील, आग्रह करकरून पोट फुटेपर्यंत वाढतील, पण आपणहून बोलावणं म्हणून कधी नाही. मी ते चिक्कूपणाच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. अशा माणसाच्या दारात कुरियरची गाडी दिवसाआड उभी राहायला लागली तेव्हा मला वाटलं, यांना कोणीतरी गंडवतंय. चौकशी केली तर म्हणाले, “इवाई, पाखऱ्याचं सामान आलं.” आमच्या वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात. आणि पाखऱ्या म्हणजे तो कुत्रा.

कुत्रा तसा माझ्या मुलीचा. आमची शीतल आणि जावई दोघेही पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला. लग्नानंतर तीन वर्षांनी पाळण्याची बातमी येईल म्हणून दोन्ही घरं कान टवकारून बसली होती, तर बातमी आली ती बीगल जातीच्या पिल्लाची. लोंबते कान, अंगावर काळी-तांबडी-पांढरी ठिगळं, आणि चेहरा कायम आत्ताच रडून उठल्यासारखा. पुढे जावयाला कंपनीने वर्षभरासाठी परदेशी धाडलं, शीतलही सोबत निघाली आणि कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न आला. पुण्यात म्हणे कुत्र्यांची वसतिगृहं असतात. प्रत्येकाला वेगळी खोली, खोलीत एसी, संध्याकाळी मंद संगीत, आणि मालकाला जगाच्या पाठीवर कुठूनही मोबाइलवर आपला कुत्रा झोपलेला दिसतो. हे ऐकून व्याही फोनवरच कडाडले, “बापाचं घर बुलढान्यात असतानी लेकरू होस्टेलात काऊन?” झालं, दसऱ्याच्या आधी कुत्रा बुलढाण्यात दाखल. पुढच्या पोळ्याच्या सुमारास पोरं परत येणार आणि कुत्रा घेऊन जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. व्याही ज्याला त्याला सांगत, “अमानत आहे बाप्पा. जसं आलं तसं वापस करा लागते.”

शीतलने जाताना सतरा कलमांची छापील यादी दिली होती. दुसऱ्या कोणी ती फ्रिजवर चिकटवली असती. पण आमचे व्याही हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. छापलेला आणि खाली सही असलेला कुठलाही कागद त्यांच्या लेखी शासन निर्णयच. त्यांनी त्याच दिवशी नस्ती, म्हणजे सरकारी भाषेतली फाइल, उघडली, तिला लाल फीत बांधली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘श्वान संगोपन’. रोज संध्याकाळी चहा झाला की टिपणी चढायची. ‘कलम चार अन्वये केस विंचरले. श्वानाचे सहकार्य अंशतः.’ ‘सोफ्याची उशी फाडली. विचारणा केली असता मान खाली घातली. सबब ताकीद देऊन प्रकरण निकाली.’ मोडलं त्यांनी एकच कलम, तेही पहिलंच. त्यात कुत्र्याचं नाव होतं, वॉफल. मी मराठीचा मास्तर, म्हणून अर्थ मला विचारला. मी शीतलला फोन करून सांगितलं की ते जाळीजाळीचं काहीतरी गोड खाणं असतं. व्याही म्हणाले, “मंजे आपल्या लेकराले ‘ए धिरड्या’ म्हनून हाका माराच्या!” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याचा पाखऱ्या केला. पाखऱ्या हे आमच्याकडे ठिपकेदार बैलाचं नाव. कुत्र्याचा रंग पाहून सुचलं असेल असं मी धरून चाललो. तेव्हाच विचारायला हवं होतं.

यादीत ‘झोपायला मऊ अंथरूण’ एवढंच कलम होतं. पण मोबाइलवर मऊ अंथरूण शोधायला गेलेला माणूस तसाच परत येत नाही. तिथे व्याह्यांना कुत्र्याच्या कण्याची काळजी वाहणारी गादी सापडली. अंगाचा आकार लक्षात ठेवणारी, सांधेदुखीवर गुणकारी, वर हाडाच्या आकाराची उशी. गादी आली. पाखऱ्याने ती चारी बाजूंनी हुंगली आणि दारामागच्या बारदानावर जाऊन झोपला. आठ दिवस वाट पाहून व्याह्यांनी नस्तीत नोंद केली, ‘लाभार्थी योजनेचा लाभ घेत नाही,’ आणि दुपारी स्वतःच गादीवर आडवे झाले. खुर्चीवर बसून बसून त्यांची कंबर कामातून गेलेली. तासाभराने उठले ते निराळाच माणूस होऊन. “इवाई, कुत्र्याच्या जातीनं लय सुख काढलं बाप्पा.” पुढे वर्षभर मी दुपारी गेलो की हेच दृश्य, व्याही गादीवर, पाय गुडघ्यापासून बाहेर, आणि पाखऱ्या बारदानावरून त्यांच्याकडे बघतोय, पाहुण्याची सोय नीट झाली ना, अशा नजरेने.

उन्हाळ्यात बूट आले. डांबर तापतं, पंजे भाजतात, म्हणून चार पायांचे चार लाल बूट. बूट चढवून व्याही त्याला चिखली रोडवर फिरायला घेऊन गेले. पाखऱ्या दहा पावलं चालला, प्रत्येक पाय उचलून त्याने विचार करून पाहिला आणि रस्त्याच्या मधोमध थांबला. बोलावून, चुचकारून, बिस्किट दाखवूनही ढिम्म. एसटी आली आणि थांबली, मागे दोन टेम्पो थांबले. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “काका, कुत्रं आहे का पुतळा बसवून राह्यले?” शेवटी व्याह्यांनी त्याला उचलून कडेवर घेतलं. नव्या कोऱ्या बुटांतला कुत्रा कडेवर आणि खाली तापल्या डांबरावर ती दोऱ्याची चप्पल, अशी वरात घरापर्यंत आली. नस्तीत आलं, ‘बूट अमान्य. श्वानाचे म्हणणे ऐकून घेतले.’

आमच्या गावात नळाला पाणी येतं तो दिवस सणाचा. तिथे व्याह्यांनी विजेवर चालणारं कारंजं मागवलं, कारण जनावराला म्हणे वाहतं पाणी रुचतं, आणि तेही तीनदा गाळलेलं. विहीणबाई हंडा भरता भरता म्हणाल्या, “माह्या हंड्याले जन्मात कोनी एक फडकं लावलं नाई, अन् याले तीन चाळण्या!” पाखऱ्या कारंज्यापुढे बसून त्याची गंमत बघे आणि तहान लागली की शेजारच्या म्हशीच्या टाक्यावर जाऊन पिऊन येई. खाण्याचंही तेच. भोपळ्याची आणि जवसाची बिस्किटं यायची. विहीणबाईंनी एक चाखून पाहिलं आणि निकाल दिला, “भोपळा खायाचा तं भाजी करून खावा ना!” तेव्हापासून त्या रोज सकाळी, व्याही आंघोळीला गेले की, दुधात कुस्करलेली भाकर पाखऱ्यापुढे सरकवायच्या. पंधरा दिवसांत कुत्र्याचं अंग चकाकायला लागलं. व्याह्यांनी नोंद केली, ‘तकाकी उत्तम. बिस्किटे चालू ठेवावीत.’ भाकरीचं मला माहीत होतं, पण विहीणबाईंनी मला शपथ घातली होती.

कुत्रा आला त्याच दिवाळीला व्याह्यांनी मला एक अत्तराची बाटली दिली होती. टॉवेल परत करणारा माणूस आपणहून काही देतोय म्हटल्यावर मी गहिवरलो. साखरखेर्ड्याला एका लग्नाला ते अत्तर चोपडून गेलो, तर काय सांगू, मंडपात चार जणांनी थांबवून वास कुठला म्हणून विचारलं. मी ऐटीत सांगितलं, आमच्या व्याह्यांची भेट. घरी आल्यावर आमच्या हिने चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. ‘आपल्या केसाळ मित्रासाठी. चाटल्यास अपाय नाही.’ मी तणतणत गेलो. व्याही शांतपणे म्हणाले, “म्हनूनच तं तुमाले देल्ली. मानसाच्या अत्तराची अशी ग्यारंटी कोनी देते काय?” आजही मी लग्नाला तेच लावतो.

या सगळ्याचा कळस म्हणजे मुंबईची ती बाई. ती मोबाइलच्या पडद्यावर जनावराच्या डोळ्यांत बघून त्याच्या मनातलं सांगते. व्याह्यांनी वेळ ठरवली, पाखऱ्याला आंघोळ घातली आणि साक्षीदार म्हणून मला बोलावलं. बाईने डोळे मिटले. “वॉफल मला सांगतोय की...”

“पाखऱ्या,” व्याही म्हणाले.

“पाखऱ्या मला सांगतोय, त्याला आतून खूप रिकामं रिकामं वाटतंय.”

“आता तं दोन भाकरी खाल्ल्या त्यानं!” दारातून विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. सुदैवाने व्याह्यांचं सगळं लक्ष पडद्याकडे होतं. बाई म्हणाली की त्याला समुद्र बघायचा आहे, खूप मोठं, खारं पाणी त्याला बोलावतंय.

“हे तो मराठीतून सांगून राह्यला का?” व्याह्यांनी विचारलं.

“प्राण्यांना भाषा नसते हो काका. ते मनाने बोलतात.”

“मंग त्याले मनानंच इचारा, बुलढान्यात समुद्र मी कुठून आनू?”

एवढ्यात वेळ संपली आणि पडदा काळा झाला. दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिलं असतं. व्याह्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात हजर. “इवाई, मोठं पानी, खारं पानी. आपल्या जिल्ह्यात आहे नं! लोनार!” गाडी ठरवली. पुढे मी, मागे व्याही आणि पाखऱ्या. पाखऱ्याच्या डोळ्यांवर धुळीपासून बचावाचा गॉगल, व्याह्यांचे डोळे धुळीने लाल. लोणारला सरोवराकडे उतरायच्या वाटेवर रखवालदाराने अडवलं, “अभयारण्य आहे साहेब, कुत्रं खाली नेता येत नाही.” व्याह्यांनी नस्ती काढून दाखवली. त्याने ती पहिल्या पानापासून मन लावून वाचली, दोनदा हसला, आणि म्हणाला की साहेब, हे माझ्या अधिकारात बसत नाही. शेवटी व्याह्यांनी कठड्याशी उभं राहून पाखऱ्याला दोन्ही हातांनी उंच धरलं. “पाहा बे पाखऱ्या, समुद्र.” पाखऱ्याने खालचं हिरवं पाणी पाहिलं आणि मग बराच वेळ पलीकडची भज्यांची गाडी पाहिली. नस्तीत आलं, ‘समुद्रदर्शन घडविले. श्वान समाधानी.’

आषाढ लागला तसा पार्सलांचा जोर आणखी वाढला. खरं म्हणजे आता कमी व्हायला हवा होता, दोनेक महिन्यांत कुत्रा जाणार होता. एक दिवस सोनेरी काठाचा लाल रेनकोट आला तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, “अहो, आता जायच्या वेळेस हे कशाला?” व्याह्यांनी रेनकोटाची घडी घातली, मोडली, परत घातली. मग म्हणाले, “इवाई, एक इचारू? समजा पोरं आले, अन् त्यायनं पाह्यलं की इथं समदं हाय. गादी हाय, कारंजं हाय, पुन्यापरीस काही कमी नाई. तं म्हनतीन का ते, की बाबा, राहू द्या याले इथंच?”

वर्षभर मी ज्या खोक्यांना हसत होतो ती खोकी मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसली. हा माणूस कुत्र्याचे लाड करत नव्हता. कुत्रा ठेवून जाण्याच्या लायकीचं आपलं घर आहे हे तो पोरांना दाखवायला बघत होता. मला माझीच लाज वाटली. मी म्हणालो, “मागून तर पाहा. तुमचाच मुलगा आहे.”

“अमानत मांगत नसतेत,” ते म्हणाले. “त्यायनं आपल्या मनानं ठेवली तं गोष्ट येगळी.” मी शीतलच्या कानावर घालतो म्हणालो, तर त्यांनीही मला शपथ घातली. एकाच घरातल्या दोन शपथांत अडकलेला मी एकटाच असेन.

व्याह्यांचं मूळ गाव अमडापूर. धाकटा भाऊ तिथे शेती करतो. ट्रॅक्टर आहे, तरी हौसेने एक बैलजोडी दावणीला ठेवली आहे. पोळ्याला व्याही दरवर्षी तिथे जातात. त्या वर्षी पाखऱ्याला घेऊन गेले आणि मीही गेलो, कारण पोरं पोळ्याच्या आदल्या दिवशी पुण्याहून थेट तिथेच येणार होती आणि पोळ्याच्या पहाटेच कुत्रा घेऊन परत निघणार होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदमळणी असते. जू वाहून कडक झालेले खांदे कोमट पाण्याने शेकायचे, लोणी-हळद चोळायची, आणि हात जोडून बैलाला म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” आवतन म्हणजे जेवणाचं निमंत्रण. व्याह्यांच्या घरात दंडक असा की ज्याने आवतन दिलं त्यानेच दुसऱ्या दिवशी आपल्या हाताने पुरणपोळीचा घास भरवायचा. दिलेलं आवतन मोडायचं नाही.

व्याह्यांनी दोन्ही बैलांचे खांदे मळले, आवतन मात्र दरवर्षीप्रमाणे धाकट्या भावाने दिलं. वाटीत थोडं लोणी उरलं होतं आणि पाखऱ्या त्यांचं कोपर चाटत उभा होता. ते तिथेच उकिडवे बसले आणि उरलेलं लोणी त्याच्या खांद्यांना चोळू लागले. आम्ही सगळे हसत होतो. चोळता चोळता त्यांचे डोळे कुठेतरी लांब गेले, हात आपोआप जोडले गेले आणि तोंडातून निघालं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

धाकट्या भावाचं हसू तोंडावरच राहिलं. “दादा, हे काय केलं? पहाटी जाऊन राह्यलं नं ते?”

“निंघून गेलं रे तोंडातून,” व्याही म्हणाले.

“मंग आता कसं मोडता येईन?”

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पाखऱ्या बाणासारखा सुटला आणि शीतलच्या नव्या पांढऱ्या कुडत्याची हळद-लोण्याने खांदमळणी झाली. ती त्याला कवटाळून हसली, रडली, परत हसली. चहा झाल्यावर जावई म्हणाले की पहाटे पाचला निघू, दुपारी ऑफिसची मीटिंग आहे. धाकट्या भावाने, म्हणजे जावयांच्या काकाने, आवतनाची अडचण सांगितली. जावई वैतागले, “काका, कुत्रा आहे तो!”

“मंग बैल का मानूस असते काय?” काका म्हणाला.

जावई वडिलांकडे वळले. “बाबा, तुम्ही मुद्दाम केलं ना हे?” खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तीच शंका आली होती. फाइल कुठे अडवायची हे हेडक्लार्कला कोणी शिकवावं लागत नाही. व्याही “नाई रे” एवढंच म्हणाले आणि उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. मी मागोमाग गेलो.

ते सांगू लागले. “पाखऱ्या नावाचा बैल होता आमचा. वासरू होता तवापासून म्या वाढवला. मी ईस वर्षाचा असीन. खांदमळनी म्या केली, आवतन म्या देल्लं, अन् सांजच्याले नोकरीची ऑर्डर आली. उद्याच बुलढान्याले हजर व्हा. पोळा आहे, एक दिवस द्या, असं म्हनाची हिंमत झाली नाई. पहाटीच्या एसटीनं गेलो. बाबानं घास भरवला तं त्यानं तोंड फिरवलं म्हनत. मायनं भरवून पाह्यलं, साऱ्या घरानं पाह्यलं. नाई खाल्लं. अन् फुडच्या पोळ्याले मी सुट्टी घेऊन आलो, तं दावन रिकामी.” त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. “आवतन देल्लं इवाई, अन् जेवाले घालाले म्या नव्हतो. तवापासून कोनाले ‘जेवाले या’ म्हनाले जीभच उचलत नाई पाहा.”

चिक्कूपणाच्या खात्यात मी काय काय टाकून ठेवलं होतं ते एकेक आठवत होतो. मागे पावलं वाजली. हळद माखलेली शीतल केव्हाची उभी होती. ती नवऱ्याकडे गेली आणि म्हणाली, “मीटिंग इथूनच कर.” पुढच्या दुपारी जावयांनी ती मीटिंग गच्चीवर पाण्याच्या टाकीवर चढून केली, कारण अमडापुरात त्यांच्या फोनला रेंज तेवढीच होती.

पोळ्याला तो सोनेरी काठाचा रेनकोट झूल म्हणून कामी आला. वर्षभरातली ती पहिली वस्तू जी पाखऱ्याने तक्रार न करता अंगावर ठेवली. तोरणाखाली बैलांच्या रांगेत शेवटी तो उभा राहिला. गाव हसलं, मग एका म्हाताऱ्याने पुढे येऊन त्यालाही गंध लावलं. घरी आल्यावर पाटावर ताट आलं. यादीतलं नववं कलम होतं, ‘गोड पदार्थ पूर्णपणे वर्ज्य’. ते कलम लिहिणाऱ्या शीतलनेच पोळीवर तूप सोडलं. व्याह्यांनी घास केला. पाखऱ्याने हुंगलं, एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि घासासकट त्यांची बोटं मनगटापर्यंत चाटून काढली. व्याही सगळ्यांदेखत रडले. “खाल्लं बाप्पा,” एवढंच म्हणत होते.

संध्याकाळी गाडीत सामान भरताना जावई वडिलांजवळ आले. शीतल त्यांच्याशी काहीतरी बोलली असावी. म्हणाले, “बाबा, राहू दे का याला इथेच?”

हेच ऐकायला व्याह्यांनी वर्षभर ती सगळी खोकी उघडली होती. व्याह्यांनी पाखऱ्याचे कान कुरवाळले आणि मान हलवली. “नाई. शीतल रोज फोनवरून त्याले हाका मारे, अन् हा फोनाच्या मागं जाऊन तिले पाहे. म्या पाह्यलं नं ते. घेऊन जा. जेवला तो. आता मी मोकळा हाय.” जाताना पाखऱ्याचं सामान घ्यायला गाडी बुलढाण्याच्या घरी थांबली, तर तिच्यात गादी मावेना आणि पाखऱ्या बारदानाशिवाय चढेना, म्हणून बारदान पुण्याला गेलं आणि गादी बुलढाण्यात राहिली.

त्यानंतर व्याही गादीवर झोपले नाहीत. कुत्रा होता तेव्हा रोज झोपायचे, आता तिच्यावर धुतलेली चादर घालून ठेवली आहे. कंबर परत धरली आहे. मी म्हटलं, झोपत जा, तर म्हणाले, “त्याची जागा हाय ती.” कारंजं तेवढं चालू असतं. विहीणबाई सकाळी भाकर कुस्करतात, मग आठवण होते, मग गल्लीतल्या कुठल्यातरी कुत्र्याचं नशीब उघडतं. तो कुत्राही चकाकायला लागलाय.

यंदाचा पोळा चार दिवसांवर आला. काल सकाळी व्याह्यांनी मला बोलावून घेतलं. नस्ती पुढ्यात होती. “इवाई, तुमी मास्तर. आवतन फोनवर देल्लं तं लागू होते का? आदल्या दिवशी द्या लागते, पन पुनं लांब हाय.” मी म्हणालो, शासन निर्णयात मनाई कुठे नाही. त्यांनी फोन लावला. शीतलने तो पाखऱ्यापुढे धरला. व्याह्यांनी चष्मा काढला, हात जोडले, आणि म्हणाले, “पाखऱ्या, आवतन घ्या बाप्पा. पोळ्याले जेवाले या.” पलीकडून फोन चाटल्याचा आवाज आला. शीतल हसत म्हणाली, “बाबा, म्हणजे आम्हाला सुट्टी काढावी लागणार!”

“तुमाले कोनं बोलावलं?” व्याही म्हणाले. “आवतन त्याले हाय. तुमी त्याले सोडाले या.”

फोन ठेवून ते उठले, गादीवरची चादर काढली आणि कमरेवर हात ठेवत ठेवत गादी अंगणातल्या उन्हात नेऊन टाकली. मी चपला घालून निघालो. फाटकापाशी पोचलो असेन, तोच मागून हाक आली.

“इवाई.”

मी वळलो. ते गादी झटकत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

“पोळ्याले तुमीबी या. जेवाले.”

मी हो म्हणालो, आणि रस्त्याला लागल्यावर बराच वेळ मला चष्मा पुसावा लागला.